एक फूट पाणी म्हणजे किती?

जुलै उजाडला की छत्रपती संभाजीनगरात माणसं एका आकड्याची चौकशी करू लागतात. नाशिकच्या घाटमाथ्यावर पाऊस झाला, दारणा-गंगापूरमधून पाणी सुटलं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीत विसर्ग सुरू झाला, की टपरीवर, रिक्षात, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न ऐकू येतो: "जायकवाडी किती झालं?" उत्तर कुणी फुटांत देतं, कुणी टक्क्यांत. दोन्ही आकडे एकाच जलाशयाचे आणि एकाच सकाळचे, तरी त्यांची चाल निराळी. पातळी रोज एकाच वेगाने चढत राहिली तरी टक्के तसे चढत नाहीत. पाणी खाली असताना ते रेंगाळतात आणि धरण भरत आलं की पळायला लागतात. विकलनातले दोन नियम, साखळी नियम आणि गुणाकाराचा नियम, अकरावी-बारावीत पाठ करून घेतले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. पैठणला जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून पाहिलं तर ते पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

आधी धरणाची मापं पाहू. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झाली आणि इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी लोकार्पण. मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. जलाशय काठोकाठ भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर, म्हणजे जवळपास ४६३.९ मीटरवर असते. एकूण साठा २९०९ दलघमी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. पाटबंधारे खात्याची ही भाषा मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावी लागत नाही. त्यातला ७३८ दलघमी मृत साठा, उरलेला २१७१ दलघमी जिवंत. वर्तमानपत्रात छापून येणारे टक्के या जिवंत साठ्याचे असतात. म्हणून 'धरण शून्य टक्क्यांवर' अशी बातमी आली तरी पैठणला पाणी दिसतंच.

भरलेल्या नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या या जलाशयाचा, पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. २९०९ ला ३५० ने भागलं तर सरासरी खोली येते ८.३ मीटर. बांध चाळीस मीटरहून उंच आणि पाणी सरासरी आठ मीटर खोल! कोयनेसारखी डोंगरांच्या बेचक्यात साठलेली खोली इथे नाही. पठारावर ठेवलेली परात आहे ही, तळाशी अरुंद आणि वर पसरत गेलेली. पुढचा सगळा हिशेब या परातीच्या आकारातून निघतो.

आता प्रश्न असा: पातळी एक फूट चढली तर साठा किती वाढला?

उत्तर पातळी कुठे आहे यावर अवलंबून आहे. परात भरत आलेली असेल तर तो एक फूट ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून वाढ झाली साधारण १०७ दलघमी, पावणेचार टीएमसी. जिवंत साठ्याच्या मानाने ती जवळपास ५ टक्के आहे. म्हणजे शेवटच्या एका फुटात धरण ९५ वरून १०० टक्क्यांवर जातं. तोच एक फूट खाली, पाणी समजा १५० चौरस किलोमीटरवर पसरलेलं असताना चढला, तर पदरात पडतात जेमतेम ४६ दलघमी, दोन टक्क्यांच्या आसपास. टक्के आधी का रेंगाळतात आणि नंतर का धावतात, याचं कोडं इथे सुटलं.

इथे एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी आहे. पातळी किंचित वाढली की साठ्यात जी भर पडते, ती त्या क्षणीच्या पाण्याच्या पृष्ठभागाइतकी पातळ चकती असते. म्हणून पातळीच्या हिशेबाने साठा वाढण्याचा दर म्हणजेच पाण्याचं क्षेत्रफळ. पातळीला 'प' म्हणू, साठ्याला 'स', क्षेत्रफळाला 'क'. 'स' हे 'प'चं फलन आहे: पातळी सांगा, साठा ठरला. अभियंत्यांकडे त्याचा छापील तक्ताच असतो. या फलनाचं विकलन केलं की 'क' मिळतं.

पण गावाला पातळीच्या हिशेबाने येणारा दर नको असतो, घड्याळाच्या हिशेबाने हवा असतो. पूर येतोय, तासाला किती पाणी आत येतंय? साठा थेट मोजता येत नाही. धरणात तशी काही तराजूची सोय नाही. मोजता येते फक्त पातळी, खांबावरच्या मोजपट्टीवर. ती तासाला दोन सेंटीमीटर चढते आहे असं समजा. मग हिशेब दोन टप्प्यांत होतो. वेळ पातळीला हलवतो, पातळी साठ्याला हलवते. दोन्ही दरांचा गुणाकार करायचा:

साठ्याचा वेळेनुसार दर = (साठ्याचा पातळीनुसार दर) × (पातळीचा वेळेनुसार दर)

हाच साखळी नियम. धरण भरत आलेलं असेल तर ३५० चौरस किलोमीटर गुणिले तासाला ०.०२ मीटर, म्हणजे तासाला ७ दलघमी. क्युसेकमध्ये मांडलं तर साडेअडुसष्ट हजारांहून थोडं अधिक. क्षेत्रफळ १५० असताना मोजपट्टीवर तीच दोन सेंटीमीटरची चढण दिसली तर आकडा २९,४०० क्युसेकच्या आसपास. पट्टी दोन्ही वेळा एकच सांगते, पहिल्या वेळी नदी मात्र दुपटीहून अधिक फुगलेली असते. (हा आकडा निव्वळ वाढीचा, दरवाज्यांतून आणि कालव्यांतून जे बाहेर चाललंय ते यात मिळवलं की खरी आवक कळते.)

या नियमाची एककं बघा. पहिला दर दलघमी दर मीटर, दुसरा मीटर दर तास. गुणाकारात मीटर निघून जातो आणि उरतं दलघमी दर तास. पुस्तकात साखळी नियमाची सिद्धता दिलेली असते ती द्या सोडून, असं मी म्हणणार नाही, पण एककं जुळवून पाहण्याची सवय लागलेला विद्यार्थी इथे सहसा चुकत नाही. लायब्निट्झने अठराव्या शतकाआधीच जी खूण रूढ केली तिच्यात हे दर अपूर्णांकासारखे लिहिले जातात आणि मधली राशी खरोखर छेदातून-अंशातून उडाल्यासारखी दिसते. ते दिसणं फसवं आहे, निदान थोडंसं. समजा रात्री दोन ते तीन पातळी ढिम्म हलली नाही. मग पातळीतला फरक शून्य, आणि 'साठ्यातला फरक भागिले पातळीतला फरक' या अपूर्णांकाला अर्थच राहिला नाही. नियम तेव्हाही खरा असतो, कारण पातळी स्थिर तर साठाही स्थिर. पण तो सिद्ध करायला 'उडवाउडवी' पुरत नाही, थोडी वळसा घालून जाणारी मांडणी लागते. पुस्तकातली सिद्धता लांबते ती यामुळे.

वर्गातली नेहमीची चूक मात्र वेगळीच असते. साइन(क्ष²) चं विकलन करा म्हटलं की कुणीतरी कोसाइन(२क्ष) लिहितं. बाहेरच्याचं विकलन झालं, आतल्याचं झालं, दोन्ही एकात कोंबली. धरणावर नेऊन पाहा: हे म्हणजे साठ्याचा तक्ता उघडायचा आणि आजची पातळी शोधण्याऐवजी पातळी चढण्याचा वेग त्या रकान्यात शोधायचा. १५१० फुटांची ओळ बघायची सोडून 'दोन सेंटीमीटर' नावाची ओळ शोधल्यासारखं. तक्ता आजच्या पातळीवरच उघडायचा असतो. बाहेरच्या फलनाचं विकलन आतल्या मूळ राशीवर, आणि मग आतल्याच्या दराने गुणायचं. म्हणून उत्तर २क्ष·कोसाइन(क्ष²). आत क्ष² जसाच्या तसा राहतो.

कालव्यावर गेलं तर हाच नियम आणखी एका रूपात भेटतो. महाराष्ट्रात २००५ सालच्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी मोजून द्यायची पद्धत आणली. चारीच्या तोंडाशी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम नावाची काँक्रीटची अरुंद मापनपेटी बांधलेली असते. तिच्यातल्या पाण्याची उंची पट्टीवर वाचायची आणि प्रवाह तक्त्यातून काढायचा. प्रवाह उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. साखळी नियम लावून टक्क्यांत मांडलं तर निष्कर्ष साधा येतो: उंचीत एक टक्का फरक पडला की प्रवाहात दीड टक्का पडतो. पट्टी वाचताना कुणी दोन टक्के चुकलं तर पाण्याच्या बिलात तीन टक्के चूक आलीच. शहराच्या पैठण रस्त्यावर कांचनवाडीला १९८० पासून वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. कालवा मोजण्याचं प्रशिक्षण ही तिथली रोजची बाब.

आता पाऊस संपला, कालवे सुटले, फेब्रुवारी सरला. नाथसागरावर ऊन चढायला लागलं. परात पसरट असल्याचा तोटा या दिवसांत दिसतो: पाण्याच्या मानाने उघडा पृष्ठभाग फार, त्यामुळे वाफ फार. रोज किती पाणी उडून जातं? पृष्ठभागाचं क्षेत्रफळ 'क' गुणिले दिवसाला उडणाऱ्या पाण्याची खोली 'ख'. मार्चमधल्या एखाद्या दिवशी क ३०० चौरस किलोमीटर आणि ख ८ मिलिमीटर धरू. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले, गोल केलेले आहेत. रोजची तूट २४ लाख घनमीटर, म्हणजे २.४ दलघमी.

उद्या ही तूट वाढेल की घटेल? इथे दोन गोष्टी उलट दिशांनी ओढतात. ऊन वाढतंय म्हणून ख वाढतोय, समजा दिवसाला ०.०५ मिलिमीटरने. आणि पाणी उपसलं जातंय म्हणून पृष्ठभाग आकसतोय, समजा दिवसाला १.२ चौरस किलोमीटरने. आधी फक्त उन्हाचा परिणाम पाहू. क्षेत्रफळ ३०० च धरून, ३०० × ०.०५ : तूट १५,००० घनमीटरने वाढली. मग फक्त आकसण्याचा परिणाम. खोली ८ च धरून, १.२ × ८ : तूट ९,६०० घनमीटरने घटली. दोन्ही मिळून ५,४०० ची वाढ. झाला गुणाकाराचा नियम:

(क × ख) चा दर = क × (ख चा दर) + (क चा दर) × ख

आपल्याकडे क्लासमध्ये हा नियम घोकवतात: पहिलं तसंच, दुसऱ्याचं विकलन, अधिक दुसरं तसंच, पहिल्याचं विकलन. घोकण्यात वाईट काही नाही, पाढेही घोकलेच होते आपण. पण 'तसंच' ठेवण्यामागे विचार आहे, तो या घोषात हरवतो. दोघंही बदलताहेत; त्यातल्या एकेकाला क्षणभर थांबवून दुसऱ्याचा हिस्सा किती ते विचारायचं आणि हिस्से मिळवायचे.

खरोखर उद्याचा गुणाकार करून पाहिला तर? २९८.८ × ८.०५ = २४०५.३४ हजार घनमीटर. म्हणजे वाढ ५,३४०, नियमाने सांगितलेल्या ५,४०० पेक्षा ६० ने कमी. हे ६० घनमीटर कुठे गेले? एक आयत काढा. एक बाजू क, दुसरी ख. एक बाजू वाढली, दुसरी घटली. कडेची एक लांब पट्टी वाढली, दुसरी कापली गेली, आणि त्या दोन पट्ट्या कोपऱ्यात जिथे भेटतात तिथला इवलासा तुकडा, १.२ × ०.०५, तो आपण धरलाच नव्हता. एका दिवसाऐवजी एका तासाचा हिशेब केला तर पट्ट्या चोविसाव्या हिश्श्याच्या होतील, पण कोपरा मात्र चोवीस गुणिले चोवीस, ५७६ व्या हिश्श्याचा. मिनिटावर गेलं की तो आणखी किती तरी पटींनी मागे पडतो. क्षणाच्या दरात त्याला जागाच उरत नाही. तो टाकून दिलेला नसतो, पट्ट्यांच्या तुलनेत विरून जातो. या दोहोंतला फरक समजून घेण्यात युरोपातल्या गणितज्ञांची दीडशे वर्षं गेली.

'दोन्हींची विकलनं काढा आणि गुणा' हा मोह प्रत्येकाला होतो. त्याची लाज बाळगायचं कारण नाही. ११ नोव्हेंबर १६७५ च्या एका टिपणात खुद्द लायब्निट्झने हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे, आणि तपासून पाहिल्यावर तसं नाही हे त्याच्या लक्षात आलं. योग्य नियम काही दिवसांतच सापडला. छापून यायला मात्र १६८४ साल उजाडलं. आपल्याला तो मोह धरणावर लगेच तपासता येतो. समजा पाणी उपसणं थांबलं, पृष्ठभाग ३०० वर स्थिर राहिला, क चा दर शून्य. दोन दरांचा गुणाकार हेच उत्तर असतं तर शून्य गुणिले काहीही, शून्य. म्हणजे ऊन कितीही वाढलं तरी वाफ वाढायची नाही. हे कुठल्याही गुराख्याला पटणार नाही.

टक्क्यांत मांडलं की गुणाकाराचा नियम फारच देखणा होतो, आणि पुस्तकं त्याला बगल का देतात हे मला कळलेलं नाही. दोन्ही बाजूंना क × ख ने भागा: गुणाकाराच्या वाढीचा टक्का म्हणजे दोन घटकांच्या टक्क्यांची बेरीज. ख दिवसाला ०.६२५ टक्के वाढतोय, क ०.४ टक्के घटतोय, तूट ०.२२५ टक्के वाढणार. २४ लाखांच्या ०.२२५ टक्के म्हणजे ५,४००. आठवड्याचा बाजार करणाऱ्या माणसाला हे ठाऊकच असतं: भाव पाच टक्के चढला आणि खरेदी तीन टक्के कमी केली तर खर्च साधारण दोन टक्के वाढतो. तूट सर्वांत जास्त कधी असेल तेही यातून निघतं. ऊन वाढण्याचा टक्का आणि पृष्ठभाग आकसण्याचा टक्का ज्या दिवशी एकमेकांना तोलतील त्या दिवशी. ऊन त्यानंतरही चढतच असेल, पण चढण मंदावलेली असेल. म्हणून वाफेची सर्वांत मोठी तूट सर्वांत कडक उन्हाच्या दिवशीच असते असं नाही; उपसा जोरात असेल तर ती त्याच्या आधीच येऊन जाते.

वर मी 'पृष्ठभाग दिवसाला १.२ चौरस किलोमीटरने आकसतो' असं परस्पर धरून टाकलं. तो आकडाही मोजपट्टीवर दिसत नाही. पट्टीवर दिसतं ते एवढंच, की पातळी दिवसाला तीन सेंटीमीटर उतरते आहे. त्या उंचीवर पातळी एक मीटर उतरली की क्षेत्रफळ ४० चौरस किलोमीटरने कमी होतं असं तक्ता सांगत असेल, तर ४० × ०.०३ = १.२. म्हणजे गुणाकाराच्या नियमातल्या एका पदात साखळी नियम शिरला. व्यवहारातली फलनं अशीच येतात. क्ष²·साइन(३क्ष) चं विकलन करायला सांगतात तेव्हा हेच करायचं असतं: बाहेरून बघा, हा गुणाकार आहे, म्हणून दोन पदं. त्यातल्या दुसऱ्या घटकाच्या पोटात साखळी आहे. म्हणून तिथे तीनने गुणा. उत्तर २क्ष·साइन(३क्ष) + ३क्ष²·कोसाइन(३क्ष). कुठला नियम आधी, असा संभ्रम पडला तर क्ष ला किंमत देऊन ती राशी हाताने काढायची झाली असती तर शेवटची क्रिया कोणती केली असती ते विचारावं. शेवटी गुणलं असतं तर गुणाकाराचा नियम आधी. शेवटी साइन काढला असता तर साखळी.

या दोन नियमांपैकी साखळीचा धागा मराठवाड्याच्या मातीत आठशे-नऊशे वर्षं मागे जातो. संभाजीनगराहून कन्नडचा औट्रम घाट उतरलं की चाळीसगावच्या अलीकडे, गौताळ्याच्या रानात पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एक शिलालेख उजेडात आणला. तो शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ चा, काही भाग जुन्या मराठीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला आणि यादवांचे मांडलिक निकुंभ यांनी त्याला देणग्या दिल्या, अशी त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेलं, आणि चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. यादवांची राजधानी देवगिरी, आजचा दौलताबादचा किल्ला. म्हणजे भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'ची परंपरा शहरापासून पंधरा किलोमीटरवरच्या त्या डोंगराच्या दरबारात नांदली.

'सिद्धांतशिरोमणी' ११५० चा. त्यात भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे. अडचण चंद्राची होती. चंद्र आकाशात दिवसाला सरासरी ७९० कला आणि वर ३५ विकला सरकतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला कलेचा साठावा), पण एकसारखा नाही. कधी वेगात, कधी सावकाश. आजच्या आणि उद्याच्या स्थानांची वजाबाकी केली तर दिवसाची सरासरी गती मिळते. तिथी कोणत्या घटिकेला संपते ते काढायला ती पुरत नाही, त्या वेळची गती लागते. सरासरी स्थानात करायची दुरुस्ती एका कोनाच्या ज्येच्या, म्हणजे साइनच्या, प्रमाणात असते. चंद्रासाठी ती जास्तीत जास्त सुमारे ३०२ कला. तो कोन, ज्याला केंद्र म्हणतात, स्वतः दिवसाला जवळपास ७८४ कलांनी बदलतो. वेळ कोनाला हलवतो, कोन ज्येला हलवतो: आपली मोजपट्टीचीच गोष्ट. ज्येचा बदल कोटिज्येच्या प्रमाणात होतो, म्हणजे साइनचं विकलन कोसाइन, हे भास्कराचार्य वापरतात. आणि मग केंद्राच्या गतीने गुणतात. त्रिज्या ३४३८ धरून हिशेब केला तर गतीतली दुरुस्ती जास्तीत जास्त ३०२ × ७८४ ÷ ३४३८, म्हणजे जवळपास ६९ कला येते. चंद्राचा वेग दिवसाला ७२२ ते ८५९ कलांच्या दरम्यान झुलतो. शिवाय ते एक मार्मिक निरीक्षण नोंदवतात: स्थानातली दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य. कमाल किमतीपाशी विकलज शून्य होतो, हे बारावीत शिकवतात ते.

याला 'भास्कराचार्यांनी कलनशास्त्र शोधलं' म्हणायचं का? या वादाचा आरंभही गोदाकाठच्याच माणसाने केला. बापूदेव शास्त्री मूळचे टोक्याचे, प्रवरासंगमाचे. आज तिथपर्यंत जायकवाडीचा फुगवटा पोचतो. त्यांचा जन्म १८२१ चा, हयात गेली बनारसच्या संस्कृत कॉलेजात. त्यांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहून सांगितलं की भास्कराला विकलन ठाऊक होतं. लंडनहून विल्यम स्पॉटिसवूड या गणितज्ञाने उत्तर दिलं: साम्य लक्षणीय आहे, पण अतिसूक्ष्म राशींची कल्पना तिथे स्पष्ट मांडलेली नाही. मला दोघांचंही निम्मं पटतं. भास्कराचार्यांनी एका फलनावर साखळी अचूक चालवली. त्यांच्याआधी मुंजालानेही ९३२ च्या सुमारास 'लघुमानसा'त हेच सूत्र वापरलं होतं. पण 'कोणतंही फलन घ्या' असं म्हणण्याची त्यांना गरज पडली नाही. पंचांगाला ज्या पुरत होती. सर्वसाधारण नियम हा सर्वसाधारण फलनं हाताळायची वेळ आल्यावरच सुचतो, आणि ती वेळ सतराव्या शतकात युरोपात आली.

जायकवाडीवरचा साखळी नियम आपण एक गोष्ट गृहीत धरून चालवला: पातळी कळली की साठा ठरला. तक्ता कायमचा. पण गोदावरी दरवर्षी गाळ आणते आणि परातीचा तळ वर येतो. १५२२ फुटांवर १९७६ साली जेवढं पाणी मावत होतं तेवढं आज मावत नाही. म्हणून धरणांची मधूनमधून फेरमोजणी करावी लागते. म्हणजे साठा फक्त पातळीचं फलन उरलेला नाही, पातळीचं आणि वर्षाचं आहे. मग साखळीत आणखी एक पद मिळवावं लागतं: पातळी स्थिर धरून निव्वळ काळामुळे साठ्यात होणारा बदल. पुराच्या एका तासाच्या हिशेबात ते पद नगण्य असतं. पन्नास वर्षांपूर्वीचा तक्ता हातात घेऊन उन्हाळ्यात शहराला किती दिवस पाणी पुरेल हे काढायला बसलं, तर आधी तेच विचारात घ्यावं लागतं.